चोपन्न टक्क्यांचा हिवाळा

जेरी डिपोटो यांनी ३ ऑक्टोबर २०२३ रोजी जे गणित मांडलं, ते गणित म्हणून बरोबरच होतं. सिएटल मरिनर्स या बेसबॉल संघाचे ते सर्वेसर्वा. हंगाम संपून दोन दिवस झालेले. १६२ पैकी ८८ सामने जिंकूनही संघाचा प्ले-ऑफ एका सामन्याने हुकलेला. वार्ताहरांसमोर बसून डिपोटो म्हणाले ते असं: दहा वर्षं सातत्याने चोपन्न टक्के सामने जिंकणारा संघ कधी ना कधी वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, पोचतो. इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढे त्यांनी असंही सुचवलं की, धीर धरायला सांगून आम्ही चाहत्यांवर एका अर्थी उपकारच करत आहोत.

१६२ चे चोपन्न टक्के म्हणजे सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी विजय. मरिनर्सने २०२१ मध्ये ९०, २०२२ मध्ये ९० आणि त्या वर्षी ८८ सामने जिंकले होते. म्हणजे डिपोटो ज्याचं स्वप्न दाखवत होते ते चाहते तीन वर्षं रोज संध्याकाळी पाहतच होते, आणि त्यातून एकदाच प्ले-ऑफ पदरात पडला होता. शिवाय हा संघ १९७७ सालचा. मेजर लीगच्या तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला एकमेव. २००१ मध्ये त्यांनी ११६ सामने जिंकून शिकागो कब्सच्या १९०६ च्या विक्रमाशी बरोबरी केली, आणि त्यानंतर तब्बल एकवीस वर्षं प्ले-ऑफचं तोंड पाहिलं नाही. अशा गावात धीर धरा म्हणून सांगणं म्हणजे कमालच.

त्या परिषदेच्या तीनच दिवस आधी संघाचा कॅचर कॅल रॅली याने, प्ले-ऑफची आशा मावळल्या रात्री, जिंकायचं असेल तर नावाजलेले खेळाडू आणायला हवेत, असं उघड बोलून दाखवलं होतं. नंतर त्याने दिलगिरी व्यक्त केली. चाहत्यांना ती दिलगिरी अजिबात आवडली नाही. पोरगा खरं बोलला आणि त्यालाच नमतं घ्यावं लागलं, असा शहराचा एकूण सूर होता.

आणि मग हिवाळा सुरू झाला.

आयपीएलचा लिलाव पाहिलेल्यांना बेसबॉलचा हिवाळा समजायला जरा वेळ लागतो. तिथे हातोडा पडतो, पाटी वर जाते, दोन दिवसांत संघ तयार. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थळं पाहण्याचा कार्यक्रम चालतो. सहा वर्षांची सेवा पुरी केलेला खेळाडू करार संपला की मोकळा होतो, त्याचा एजंट संघोसंघी फिरतो, बोलणी होतात, फिसकटतात, पुन्हा होतात. डिसेंबरात सगळ्या संघांचे कारभारी एखाद्या हॉटेलात जमतात. खेळाडूंच्या अदलाबदलीही होत असतात, आणि पुष्कळदा ज्याची अदलाबदल होते त्यालाच सर्वांत शेवटी कळतं. या काळाला अमेरिकेत फार जुनं नाव आहे: हॉट स्टोव्ह. गावातल्या दुकानात शेगडीभोवती बसून पुढच्या मोसमाच्या गप्पा मारायच्या, त्यावरून आलेलं. सिएटलमध्ये शेगडीची जागा रेडिओवरच्या क्रीडाचर्चेने, पॉडकास्टने आणि ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनने घेतली आहे. बाहेर चार वाजताच अंधार, वर पाऊस. वाद घालायला याहून चांगलं हवामान नाही.

सिएटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या मराठी घरांत हा वाद पोचला तो मुलांमुळे. बाप मायक्रोसॉफ्टमध्ये नाहीतर ॲमेझॉनमध्ये, जीव क्रिकेटमध्ये. पोरगी किंवा पोरगा मात्र लिटल लीगमध्ये बॅट फिरवणारा. पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा टीव्हीसमोर बसले की हमखास विचारतात, अरे, बॉल लागलाच नाही तर हा आउट कसा? मागे स्टंप कुठे आहेत? त्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय मरिनर्सच्या चाहत्यांचं भांडण कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

बॅटरला तीन स्ट्राइक मिळतात. मारायला जाऊन चुकलं की स्ट्राइक. मारण्याजोगा चेंडू सोडून दिला तरी स्ट्राइक. तीन झाले की स्ट्राइकआउट. नऊ डावांचे प्रत्येकी तीन, असे संघाकडे सत्तावीस आउट असतात, तेवढ्यात चारही बेस पार करून ज्या धावा होतील त्या. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपतो. इथे तो तासाभरात पुन्हा उभा असतो. त्यामुळे एका आउटची किंमत तुलनेने कमी. मग सोपा झेल देऊन आउट झालं काय आणि तीनदा हवेत बॅट फिरवून आउट झालं काय, फरक काय पडतो? या एका प्रश्नावर अमेरिकेतला बेसबॉल गेली पंचवीस वर्षं दुभंगलेला आहे.

हिशेबवाले म्हणतात, फरक फारच थोडा. उलट पहिल्या बेसवर गडी असताना जमिनीवरून सरपटत मारलं तर एका चेंडूत दोघं आउट होऊ शकतात. स्ट्राइकआउटमध्ये एकच जातो. जोरात फिरवणारा माणूस चुकणार, पण लागला तर चेंडू कुंपणापार जाणार, म्हणजे होमरन. २०१५ पासून प्रत्येक मैदानात स्टॅटकास्टची यंत्रणा आली, चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि किती अंशांच्या कोनात निघाला हे मोजलं जाऊ लागलं, आणि वर उचलून मारण्याला शास्त्राचा आधार मिळाला. पिचरही, म्हणजे इथले गोलंदाजही, काही स्वस्थ बसलेले नाहीत. सिएटलजवळच्या केंट गावात ड्राइव्हलाइन नावाची प्रयोगशाळावजा तालीम आहे, तिथे पिचरच्या खांद्याचा, मनगटाचा, बोटांचा कॅमेऱ्यांनी अभ्यास करून वेग वाढवला जातो. ताशी ९५ मैलांचा चेंडू साडेअठरा मीटर अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. त्यातला अर्धा वेळ हा चेंडू आहे कसला हे ओळखण्यातच जातो. नव्वदच्या दशकात दर शंभर बॅटरांमागे सोळा-सतरा स्ट्राइकआउट होत. आता बावीसच्या वर होतात. हा काही एकट्या सिएटलचा दोष नव्हे.

जुन्या वळणाच्या चाहत्याला हे पटवून पाहा. त्याच्या डोळ्यांसमोर इचिरो सुझुकी असतो. २००१ मध्ये जपानमधून येऊन त्याने पहिल्याच वर्षी २४२ हिट मारले, २००४ मध्ये २६२, जो आजही विक्रम आहे. चेंडू बॅटला लावायचा, मोकळ्या जागेत ढकलायचा आणि पळत सुटायचं. २०१९ मध्ये टोकियोत निवृत्त होताना इचिरोने खंत बोलून दाखवली होती की, डोकं न वापरता खेळता येईल असा हा खेळ होत चालला आहे. हॉल ऑफ फेमसाठी २०२५ मध्ये त्याला ९९.७ टक्के मतं पडली. एका मताने एकमत हुकलं. दुसरा देव एडगर मार्टिनेझ. कारकिर्दीची सरासरी ०.३१२, म्हणजे हजार संधींमागे ३१२ हिट. मैदानाशेजारच्या रस्त्याला त्याचं नाव आहे, आणि मैदानात भाजलेले नाकतोडे विकतात तेही सामन्याला ३१२ पुडेच, या सरासरीच्या मानासाठी. खोटं वाटेल, पण नाकतोडे खरंच संपतात.

तर २०२३ च्या नोव्हेंबरात डिपोटो जे बोलले ते या जुन्या वळणाच्या चाहत्यांच्या मनातलं होतं. आपले बॅटर फार स्ट्राइकआउट होतात, हे कमी करायचं. तिसऱ्या बेसवरचा युहेनियो सुआरेझ त्या वर्षी २१४ वेळा आणि टिओस्कार हर्नांडेझ २११ वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सुआरेझला ॲरिझोनाला दिलं, बदल्यात एक राखीव कॅचर आणि एक रिलीफ पिचर आला. हर्नांडेझला नियमाप्रमाणे २ कोटी ३ लाख २५ हजार डॉलरचा एका वर्षाचा देकार देता आला असता. तो दिलाच नाही. मग जॅरेड केलनिक हा एकेकाळचा लाडका तरुण अटलांटाला गेला, आणि त्याच्यासोबत दोन जड करारही अटलांटाच्या गळ्यात पडले.

इथे चाहत्यांचे डोळे उघडले. स्ट्राइकआउट कमी करायचे हे ठीक. पण प्रत्येक वेळी स्ट्राइकआउटबरोबर पगारही कमी कसा होतो? कारण लपण्यासारखं नव्हतंच. संघाचे सामने दाखवणारी प्रादेशिक क्रीडावाहिनी केबल कंपनीने त्याच ऑक्टोबरात महागड्या पॅकेजमध्ये ढकलली होती. ग्राहक गळत होते, आणि पुढच्या वर्षापासून त्या वाहिनीचा सगळा भार संघाच्याच डोक्यावर येणार होता. मालकमंडळाला खर्च आवरायचा होता. ते सरळ तसं सांगितलं असतं तर लोक चिडले असते, पण निदान भांडण कशाचं आहे हे स्पष्ट राहिलं असतं. त्याऐवजी पैशाची काटकसर फलंदाजीच्या तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगितली गेली. माझ्या मते मरिनर्सच्या चाहत्यांच्या सगळ्या हिवाळी वादांचं मूळ इथे आहे. ते बॅट कशी फिरवावी यावर तावातावाने बोलतात, पण बोलत असतात ते खिशाबद्दल.

बाहेरचे चांगले बॅटर सिएटलला यायला नाखूश असतात, हीसुद्धा खरी अडचण आहे, आणि तिला चाहते पुरेसं महत्त्व देत नाहीत. मैदान समुद्राच्या खाडीलगत. छत सरकतं आहे, पण ते छत्रीसारखं वर येतं, चारी बाजूंनी बंद होत नाही. एप्रिल-मेमधली गार, जड हवा चेंडूला खाली ओढते. २०१३ मध्ये कुंपणं आत घेतली, तरी अलीकडच्या वर्षांत धावांच्या बाबतीत हे सबंध लीगमधलं सर्वांत कंजूस मैदान ठरलं आहे. गंमत म्हणजे इथे नुसते होमरन कमी होत नाहीत, स्ट्राइकआउटही जास्त होतात. त्याचं सगळं खापर हवेवर फोडता येत नाही. मग समोरच्या भिंतीची पार्श्वभूमी, संध्याकाळचं ऊन, सावल्या असे तर्क लढवले जातात. हर्नांडेझ घरच्या मैदानावर फिका आणि बाहेर चांगला खेळला होता. पुढचा करार चांगला व्हावा अशी इच्छा असलेला तिशीतला बॅटर अशा जागी का येईल? डिपोटो २०१५ मध्ये आले. त्यांनी एखाद्या मोकळ्या बॅटरशी एकाहून अधिक वर्षांचा करार पहिल्यांदा केला तो थेट २०२३ च्या डिसेंबरात, मिच गार्व्हरशी. त्या गार्व्हरची पहिल्या वर्षाची सरासरी ०.१७२ आली.

आणि २०२४ चा एकूण निकाल काय? ज्यांना स्ट्राइकआउट होतात म्हणून घालवलं त्यांच्याविना मरिनर्स १,६२५ वेळा स्ट्राइकआउट झाले. सबंध लीगमध्ये सर्वाधिक, आणि आदल्या वर्षीपेक्षाही जास्त. संघाची सरासरी ०.२२४. तिकडे सुआरेझने ॲरिझोनासाठी ३० होमरन मारले. हर्नांडेझने डॉजर्सकडून ३३ मारले, होमरन डर्बी जिंकली आणि वर्ल्ड सिरीजही. अशा वेळी कुठल्याही चाहत्याला आनंद होत नाही, पण मी म्हटलं नव्हतं का, हे म्हणायची सोय होते.

जास्त दुःख पिचरांचं होतं. गिल्बर्ट, कर्बी, कास्टियो, मिलर, वू. हे पाच जण त्या वर्षी लीगमधले सर्वोत्तम सुरुवातीचे पिचर होते, एकत्रित ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या धावा) ३.३८. असे पाच तरुण खांदे एका वेळी एका संघाकडे असणं हा योग क्वचित येतो, आणि खांदे फार वर्षं टिकत नाहीत. १८ जूनला संघ आपल्या गटात दहा सामन्यांनी पुढे होता. महिनाभरात ती आघाडी ह्यूस्टनने खाऊन टाकली. २२ ऑगस्टला मॅनेजर स्कॉट सर्व्हिस यांना काढलं, हिटिंग कोचलाही काढलं. १९९५ च्या संघातला कॅचर डॅन विल्सन मॅनेजर झाला, आणि बॅटरांना शिकवायला आला साक्षात एडगर. शेवटी ८५ विजय, आणि पुन्हा प्ले-ऑफ एका सामन्याने हुकला.

एडगर आल्यावर हिशेबवाले आणि जुन्या वळणाचे यांच्यात काही काळ तह झाला. तो सांगत होता ते दोघांनाही मानवणारं होतं: दोन स्ट्राइक झाल्यावर हव्यास सोडा, मैदानाच्या मधल्या भागाकडे मारा. खरं तर डिपोटोंचं जुनं घोषवाक्यही वाईट चेंडू सोडा, चांगला मारा याच अर्थाचं होतं. घोषवाक्यात चूक नव्हती. पण तिसऱ्या बेसवर गडी आणि एकच आउट, अशा वेळी नुसता हलका उडवलेला चेंडूही धाव देतो. तिथे स्ट्राइकआउट खरोखर महाग पडतो, आणि हिशेबवाल्यांनाही हे मान्य आहे. मात्र अशी वेळ यायला आधी कुणीतरी बेसवर पोचावं लागतं. ०.२२४ च्या संघात ते कोण करणार?

त्यानंतरचा हिवाळा तर अगदीच कोरडा गेला. बॅटर होर्हे पोलांकोला ७७ लाख ५० हजार डॉलरवर परत घेतलं, एक-दोन किरकोळ करार केले. रेडिओवर रोज तोच शिमगा. वसंतात रॅलीशी १० कोटी ५० लाख डॉलरचा सहा वर्षांचा करार झाला तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला.

२०२५ मध्ये जे घडलं त्याने सगळ्यांचेच मुद्दे थोडेथोडे उलटे केले. रॅलीने ६० होमरन मारले. कॅचर म्हणून विक्रम, दोन्ही हातांनी खेळणारा बॅटर म्हणून मिकी मँटलच्या ५४ पुढे, आणि केन ग्रिफी ज्युनियरच्या ५६ च्या मरिनर्स विक्रमाच्याही पुढे. हा माणूस त्याच हंगामात १८८ वेळा स्ट्राइकआउट झाला, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जुलैअखेर डिपोटोंनी ॲरिझोनाकडून दोन माणसं आणली. एक जॉश नेलर: वर्षभरात रॅलीच्या निम्म्याहून कमी स्ट्राइकआउट, पळायला संथ पण डोकं असं की ३० बेस चोरले. दुसरा कोण? युहेनियो सुआरेझ. वीस महिन्यांपूर्वी ज्याला स्ट्राइकआउटपायी घालवलं तोच, जवळपास तितकेच स्ट्राइकआउट घेऊन. सप्टेंबरात एका चाहत्याने इंटरनेटवरून एका चेटकिणीला पैसे देऊन संघासाठी मंत्र म्हणवून घेतला, आणि संघ पुढच्या अठरापैकी सतरा सामने जिंकला. हिटिंग कोचपेक्षा तिलाच करार द्या, असे विनोद झाले. गटविजेतेपद आलं, २००१ नंतर पहिल्यांदा. विजय नव्वद, म्हणजे साडेपंचावन्न टक्के.

परतल्यावर सुआरेझ सिएटलकडून सुमार खेळला, सरासरी ०.१८९. रेडिओवर त्याला बसवा अशी ओरड सुरू झाली. मग १७ ऑक्टोबरला, टोरोंटोविरुद्धच्या अमेरिकन लीग अजिंक्यपदाच्या मालिकेच्या पाचव्या सामन्यात, आठव्या डावात रॅलीच्या होमरनने बरोबरी झाली आणि तिन्ही बेस भरलेले असताना सुआरेझने चेंडू उजवीकडच्या कुंपणापार टाकला. ग्रँड स्लॅम. दुसऱ्या डावातही त्याने एक मारला होता. संघाच्या सहापैकी पाच धावा त्याच्या एकट्याच्या. मरिनर्स वर्ल्ड सिरीजपासून एका विजयावर येऊन उभे राहिले.

सहावा सामना हरले. सातवा सोमवारी, २० ऑक्टोबरला, टोरोंटोत. अमेरिकेत ती दिवाळीची संध्याकाळ होती. सिएटलच्या वेळेने सामना पाचला सुरू. बऱ्याच मराठी घरांत लक्ष्मीपूजन आधी उरकायचं की मध्यंतरी, यावर बोलणी झाली. इकडे महाराष्ट्रात मंगळवारची पहाट. सातव्या डावापर्यंत ३-१ अशी आघाडी होती. मग दोन गडी बेसवर, टोरोंटोचा जॉर्ज स्प्रिंगर, एक होमरन, ४-३. पहिल्या पसंतीचा रिलीफ पिचर आन्द्रेस मुन्योझ त्या वेळी का आणला नाही, हा विल्सनला विचारलेला प्रश्न आजही विचारला जातो. शेवटचा आउट मरिनर्सच्या हुलिओ रॉड्रिगेझचा. स्ट्राइकआउट.

वादाला पुन्हा तोंड फुटलं, आणि या वेळी जुन्या वळणाच्या लोकांकडे भरभक्कम पुरावा होता. टोरोंटो हा त्या वर्षी लीगमधल्या सर्वोत्तम सरासरीचा संघ, ०.२६५, आणि स्ट्राइकआउट सर्वांत कमी होणाऱ्यांपैकी एक. चेंडूला बॅट लावणारे जिंकले, झालं सिद्ध! हिशेबवाल्यांनी शांतपणे दाखवून दिलं की टोरोंटोचं तिकीट पक्कं केलं ते एका होमरनने, आणि त्या रात्रीच्या सिएटलच्या तीनपैकी दोन धावाही होमरनच्याच होत्या. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एका सामन्यावरून तत्त्वज्ञान ठरवायला बसलं की असंच होतं. मला स्वतःला मुन्योझचा प्रश्न जास्त छळतो.

तो हिवाळा मात्र वेगळा निघाला. नोव्हेंबरातच नेलरशी पाच वर्षांचा, ९ कोटी २५ लाख डॉलरचा करार झाला. डिपोटोंच्या दशकभराच्या कारकिर्दीत बाजारातल्या बॅटरवर एवढा पैसा कधी लागला नव्हता, आणि रेडिओवर तक्रार करणाऱ्यांना दोन दिवस विषयच सुचेना. मग पोलांको ४ कोटी डॉलरवर दोन वर्षांसाठी न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, तेव्हा हायसं वाटून ते पुन्हा कामाला लागले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुआरेझने सिनसिनाटीशी एका वर्षाचा, दीड कोटी डॉलरचा करार केला. त्याच सुमारास मरिनर्सने तीन संघांच्या अदलाबदलीतून सेंट लुईसचा ब्रेंडन डोनोव्हन मिळवला: डावखुरा, कुठल्याही जागी खेळणारा, फारसे होमरन नाहीत, पण बॅट चेंडूला लावणारा. त्याच्यासाठी तिसऱ्या बेसवरचा तरुण बेन विल्यमसन टाम्पा बेला गेला आणि उमेदीचे काही कोवळे खेळाडू सेंट लुईसला.

म्हणजे २०२३ चाच व्यवहार पुन्हा: सुआरेझ बाहेर, कमी स्ट्राइकआउटवाला आत. फरक इतकाच की या वेळी बदल्यात आलेला माणूस ऑल-स्टार आहे आणि आला तेव्हा त्याचे दोन हंगाम हाताशी होते. निम्म्या चाहत्यांना हे शहाणपण वाटतं. उरलेले विचारतात की, दीड कोटीच होते ना, मग दोघंही का नाही ठेवले?